तक्त्यांची वहिवाट

१९९७ साली वेबपृष्ठे लिहिण्याच्या भाषेच्या, म्हणजे एचटीएमएल ४.० च्या मानकाने बजावले की, तक्त्याचा उपयोग केवळ पृष्ठरचनेसाठी करू नये. परंतु तोवर तक्त्यात तक्ता कोंबण्याची आणि रकान्यांची रुंदी ढळू नये म्हणून त्यांत एका पिक्सेलचे अदृश्य चित्र ताणून बसविण्याची वहिवाट इतकी पक्की झाली होती की, तो हुकूम निमूटपणे दफ्तरदाखल झाला.

पुढे मांडणी मजकुरापासून वेगळी लिहिण्याच्या भाषेचे, म्हणजे सीएसएसचे, कट्टर अनुयायी अवतरले. तक्ता हे महापातक ठरले आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून, चित्राच्या कडेने मजकूर वाहावा एवढ्याच माफक कामावर नेमलेल्या 'फ्लोट'वर त्यांनी सबंध पृष्ठाचा कारभार सोपविला. चौकट कोसळू लागताच 'क्लिअरफिक्स'चा टेकू दिला, आणि एका गैरवापराच्या जागी दुसरा गैरवापर गादीवर बसविण्यालाच तत्त्वनिष्ठा म्हणण्याचा प्रघात पाडला.

२०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी सीएसएसचे 'ग्रिड' स्वीकारले, तेव्हा इतकी वर्षे धिक्कारलेले ओळी आणि रकाने यथाशास्त्र सन्मानाने परतले. मजकूर आणि मांडणी आता विभक्त झाली, अंधांसाठी पृष्ठ वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरची तक्त्यांच्या चक्रव्यूहातून सुटका झाली, हा लाभ निर्विवाद होय. ई-मेलच्या प्रांती मात्र जुनाच अंमल जारी आहे. विंडोजवरील 'क्लासिक' आउटलुकने २००७ पासून पत्रे रेखाटण्याचे काम ग्रिड न जाणणाऱ्या वर्डकडे दिल्यामुळे, सकाळी ग्रिडचे स्तोत्र गाणारा विद्वान दुपारी जाहिरातीचे पत्र रचताना मुकाट्याने तक्त्यात तक्ता कोंबतो, आणि त्या कृत्यास 'सुसंगतता' असे भारदस्त नाव देऊन बिल पाठवितो.