दोघीही बाळंतिणी

सॉल्ट लेक सिटी, युटा
३ मार्च

तीर्थरूप आईस, वैजूचा शि. सा. नमस्कार.

परवा मंदार फोनवर "आमच्याकडे पिल्लं झालीत" म्हणाला आणि आवाज तुटला. नंतर मावशीचे तीन फोन आले, म्हणजे तू बातमी रेवदंडाभर केलीस. डिंकाचे लाडू पाठवू नकोस. बाळंतीण कोलंबी आहे.

खरं तर दोघीही. ईशानच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत अ‍ॅप्टेशिया नावाचं समुद्रफूल काँग्रेस गवतासारखं माजलं होतं. ते खातात म्हणून लाल रेघांच्या दोन पेपरमिंट कोलंब्या आणल्या. नर कोण, मादी कोण, असं मी विचारलं तर दुकानदार हसायला लागला. ही जात आधी नर म्हणून वयात येते आणि पुढे एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होते. त्यामुळे आमच्याकडे कधी ही पोटाखाली अंडी घेऊन फिरते, कधी ती, कधी दोघीही. एक खेप सुटली की कात टाकायची, की लगेच पुढची. बाबांना हे वाचून दाखवच.

अंडी फुटतात रात्री, दिवे मालवल्यावर. सकाळपर्यंत मासे आणि फिल्टर मिळून सगळं फस्त करतात, म्हणून पहिल्या दोन खेपा आम्हाला कळल्याच नाहीत. तिसऱ्या वेळी ईशान पाणी प्यायला उठला आणि टाकीवर टॉर्च मारून ओरडला. उजेडाच्या झोतात धुळीसारखं काहीतरी गोळा होत होतं. मंदार झोपेतच म्हणाला, "कोपेपॉड आहेत, आपोआप होतात." मग बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं भिंग काढलं. (हो, ते मीच आणलं. शोधू नका.) कोपेपॉड नखावरच्या ठिपक्यासारखे, टुणटुण उड्या मारणारे. हे लांबट, काचेसारखे आरपार, दोन मोठे काळे डोळे आणि शेपूट पुढे करून उलटे पोहणारे! आई, जन्मल्याबरोबर उलट चालणारं मूल मी फक्त आपल्या घरातच पाहिलं होतं.

या अवस्थेला झोइया म्हणतात. ती आईबापांहून इतकी वेगळी दिसते, की १८०२ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने झोइया हा वेगळाच प्राणी म्हणून नोंदवला होता. पुढे आयर्लंडमधल्या कॉर्कला एका लष्करी डॉक्टरने समुद्राचं पाणी भांड्यात ठेवून बघितलं, तेव्हा कळलं की ही खेकड्यांची पोरं.

तू म्हणशील, म्हणजे जवळाच की. नाही गं. जवळा ही पिल्लं नव्हेत, ती पूर्ण वाढलेली वेगळी जात. तिची उंचीच तेवढी. हे मंदारला सांगून उपयोग नाही. त्याला सोडे आणि जवळा यातला फरक लग्नानंतर कळला.

तर, टॉर्चने एका कोपऱ्यात जमवून, वाटीने अलगद उपसून, पिल्लं लोणच्याच्या मोठ्या बरणीत ठेवली. आत हवेची बारीक नळी: फार सोडली तर पोरं गरगरतात, कमी सोडली तर तळाला बसून मरतात. खायला आर्टेमिया नावाचा किडा, तोही ताजा. आणि गंमत म्हणजे त्याची अंडी इथल्याच ग्रेट सॉल्ट लेकमधून काढतात. ते तळं समुद्राहून कितीतरी खारट आहे, त्यात मासा जगत नाही, पण हा किडा भरभरून होतो आणि त्याची अंडी जगभरच्या कोलंबीपालकांकडे जातात. मी समुद्र सोडून हजार किलोमीटर आत येऊन पडले आणि तू बाजारातून आणतेस ती तळ्यातली कोलंबी कदाचित माझ्या दारचं खाऊन वाढलेली असेल.

सोड्याच्या बाटलीत मिठाचं पाणी, हवा, उजेड. एका दिवसात आर्टेमिया बाहेर पडतात. मग गाळायचे. मंदारने त्यासाठी माझं चक्का टांगायचं फडकं वापरलं. पाडव्याला श्रीखंड होणार नाही, हे त्याला लेखी कळवलंय.

पहिल्या रात्री दीड-दोनशे होती. आज चौतिसावा दिवस, अकरा उरलीत. काही कात टाकताना गेली, काही एकमेकांनी खाल्ली. त्यांना वल्ह्यासारखे दोन लांब पाय फुटतात, ते एकमेकांत अडकतात आणि तुटतात. भांडण झालं की ईशान रात्री दोनला मला उठवतो, जणू मी मिटवणार आहे.

काल मात्र एक पोर सुलटं झालं. तळाला उतरून काचेवर चालायला लागलं आणि चक्क मिशा पुसत बसलं. आम्ही तिघं बरणीसमोर फरशीवर, भाजी गॅसवर करपलेली.

खाणार का, असं तू विचारशीलच. पूर्ण वाढून बोटाच्या दोन पेरांएवढी होतात. अकरा मिळून एका भाकरीला पुरणार नाहीत. हिशेब मंदारने केलाय, मी नाही.

येणाऱ्या कुणाबरोबर तुझं जुनं मलमलचं पातळ पाठव. आणि एक चक्क्यासाठी वेगळं.

तुझी,
वैजू