शून्य तक्रारींची सोसायटी

उत्तम सहजीवनाचा पुरस्कार अलिबागच्या किनाऱ्यावरच्या ‘सी-व्ह्यू’ सोसायट्यांना द्यावा, आणि तो जुलैतच द्यावा. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद, मालक मंडळी मुंबईत. पार्किंगवरून भांडण नाही, वरच्यांच्या कपड्यांचं पाणी खाली ठिबकत नाही. गळतं ते फक्त छत.

कायदाही या शांततेची कदर करतो. फ्लॅटला वर्षभर कुलूप असेल तर जादा छदाम लागत नाही. घरात भाडेकरू, म्हणजे चक्क हालताबोलता माणूस, ठेवलात तर मात्र सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत ‘बिनभोगवटा शुल्क’. योग्यच आहे! पण एवढ्यावर थांबू नये. बाल्कनीत दिवा लावणाऱ्याला 20 टक्के, शेजारी विरजण मागणाऱ्याला 30 टक्के आकारावेत.

वार्षिक सभाही बिनबोभाट होते. गणसंख्या नसली की तहकूब करायची. अर्ध्या तासाने तीच सभा गणसंख्येशिवाय भरते. बारा महिने इथे राहणारं एकच कुटुंब आहे, वॉचमनचं. पण ते सदस्य नाही. त्यांच्यासाठी यंदा एकमताने ठराव झाला: वॉचमनच्या मुलांनी आवारात खेळू नये, रहिवाशांना त्रास होतो.