बॅग भरली, कान कोरेच

जपानी शिकायला टोकियो किंवा ओसाकाच्या भाषाशाळेत एप्रिलमध्ये दाखल व्हायचं असेल, तर आदल्या नोव्हेंबरच्या सुमारास शाळेमार्फत कागद तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे जातात. पात्रता प्रमाणपत्राचा निकाल कळेपर्यंत फेब्रुवारी सरत आलेला असतो. मधले तीन महिने मुलांसाठी सोन्याचे. पुण्यातल्या घराघरांत ते भाजणी, मेतकूट आणि बॅगेच्या वजनावर खर्ची पडतात.

मिक्सर नेऊ नका. जपानमध्ये वीज 100 व्होल्टची, आपला मिक्सर 230चा. तिथे तो धड फिरणार नाही. औषधांचा डबाही एकदा उपसून बघा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं विनापरवानगी महिनाभराचीच नेता येतात, आणि स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी तर नेताच येत नाही. सामानाचं एवढं पुरे. बाकीचं तिथे मिळतं.

जे तिथे विकत मिळत नाही, त्याकडे वळू.

एन-फाइव्हचं प्रमाणपत्र आलं की घर निर्धास्त होतं. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्या, त्यांतली ही सगळ्यात खालची. मुख्य गोष्ट अशी की या परीक्षेत कुठल्याच पातळीवर बोलायला लावत नाहीत. पर्याय निवडायचा, गोल काळा करायचा. तोंडातून एक वाक्य न काढता माणूस वरच्या पातळ्याही पार करू शकतो. आणि विमानातून उतरल्यावर पहिली गरज पडते ती तोंडाचीच. पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात नोंद करायची असते, आरोग्य विम्याचं काम करायचं असतं, कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे घरमालकाकडून समजून घ्यायचं असतं. खिडकीपलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे, अतिशय भरभर बोलतो. क्लासच्या सीडीवरच्या वेगाने कोणी बोलत नाही.

म्हणून सांगतो, हे प्रसंग इथेच घडवा. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून बाहेर पडलेले, तिथे राहून आलेले असे कितीतरी लोक पुण्यात आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या ताईंना आठवड्यातून दोन संध्याकाळी मागा. पुस्तक बंद ठेवून बोला. डॉक्टरकडे पोटदुखी सांगा, हरवलेल्या छत्रीची चौकशी करा, भाड्याची पावती मागा. ताईंनी वेग कमी करायचा नाही, एवढी एकच अट घाला.

आता एक गोष्ट मनापासून. आपल्या मुलांजवळ एक मोठी ठेव आहे आणि ती कोणी वापरत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. आपले ‘ला’, ‘त’, ‘हून’ जसे शब्दाच्या पाठीला चिकटतात, तसे त्यांचेही प्रत्यय शब्दाच्या मागेच लागतात. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला वाक्य उलटंपालटं करावंच लागत नाही. पण आपण इंग्रजी पुस्तकातून, इंग्रजी अर्थ घोकत जपानी शिकतो आणि सरळ रस्ता सोडून वळसा घालतो. मराठीतून शिकलात तर बोलणं लवकर येईल.

अडेल ते वाचन. नेहमीच्या वापरातल्या कांजींची, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांची, सरकारी यादी 2,136 अक्षरांची आहे. भाषाशाळेच्या वर्गात शेजारी बसलेल्या चिनी मुलाला त्यांतली बहुतेक लहानपणापासून ओळखीची असतात. तो फळा वाचून मोकळा होतो. आपली मुलगी अजून रेघा मोजत असते. हुशारीचा इथे काही संबंध नाही, पण तिला तो वाटतो, आणि ती गप्प बसू लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज थोड्या कांजी हाताने गिरवल्या असत्या, तर ही वेळ आली नसती.

आणि पैशांचा हिशेब. विद्यार्थ्याला परवाना काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. एजंट हा आकडा असा सांगतात, जणू ती शिष्यवृत्तीच आहे. घराने कर्ज काढायचं आणि हप्ते त्या 28 तासांवर टाकायचे, हे मला मान्य नाही. शाळा रोज अर्धा दिवस असते. रात्री हॉटेलात भांडी घासून सकाळी वर्गात डुलक्या काढणारं पोर कुठली भाषा शिकणार? पैसे पुरत नसतील तर एक वर्ष थांबा, इथे एन-फोर करा, मग पाठवा. थांबण्यात कमीपणा नाही.

पालकांचा ठरलेला प्रश्न असतो, ‘तिथे आपली माणसं आहेत ना?’ आहेत. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निशी-कासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे, डाळ-तांदूळ सगळं मिळतं. काळजी मला समजते, एकटेपणा खराच असतो. तरीही पहिलं वर्ष मराठी रूममेटबरोबर काढायला मी विरोध करीन. वर्ग अर्धाच दिवस भरतो, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसासाठीच तर एवढे पैसे मोजले आहेत. तो मराठीत गेला तर पुण्यातला क्लास काय वाईट होता? विद्यार्थी म्हणून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. तिथे मतं देतात ते जपानी नागरिक. वस्ती कितीही आपली असली तरी ती मतं जपानीतच मागावी लागतात. वसतिगृह घ्या, जपानी कुटुंबात खोली मिळाली तर आधी ती घ्या. निशी-कासाईला रविवारी जेवायला जा.

शेवटचं आईबाबांसाठी. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असतं. इथे जेवणं आवरून तुम्ही रात्री दहाला व्हिडिओ कॉल लावता, तेव्हा तिथे दीड वाजलेला असतो आणि सकाळी तिला वर्ग असतो. रोज नको. रविवारी सकाळी चहाच्या वेळी करा, आणि पहिली पाच मिनिटं तिला आठवडाभरात काय झालं ते जपानीत सांगू द्या. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल.