गडग्यावरची मनवार

आमच्या नि शेजारच्या माईंच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढा गडगा आहे. काल त्याच्या एका बाजूला मी म्हापशाच्या बाजारातले अळसांदे निवडत होते, दुसऱ्या बाजूने माई सुपात हात घालून मदत करत होत्या.

"१९ तारखेला गोवा मुक्तिदिनाचं नातवाचं भाषण गो. ती पोर्तुगीज मनवार कोणती, तुला ठाऊक?"

"'आफोन्सो द आल्बुकेर्क'. १५१० साली गोवा घेणाऱ्याचंच नाव. पण माहेर इंग्लंडचं, न्यूकॅसलजवळ टाइन नदीवर, १९३४चं. आणि १८ डिसेंबर १९६१ला मुरगाव बंदरात तिच्यावर तोफा डागल्या त्या आपल्या 'बेतवा' नि 'बियास'... त्याही टाइनवरच बांधलेल्या!"

माईंचा हात थांबला. "एकाच गावच्या लेकी, दोन घरांत दिलेल्या."

"सोबत 'कावेरी'ही होती. ती महायुद्धातली, १९४३ची. आधी ब्रिटिश राजाच्या झेंड्याखाली, मग आपल्या. तिच्या जोडीची 'नर्मदा' फाळणीत पाकिस्तानात गेली, तिथे तिची 'झेलम' झाली."

"नाव बदललंच का?"

"सासरी गेली ना!"

माई हसल्या नाहीत. मग मीच पुढे सांगत सुटले. १९३६ला लिस्बनच्या टेगस नदीत आल्बुकेर्कच्या खलाशांनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याविरुद्ध बंड केलं, तेव्हा त्याने किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतून स्वतःच्याच बोटीवर तोफा सोडल्या. खलाशी ताराफालच्या तुरुंगात गेले.

"म्हणजे पहिला मार घरच्यांचाच," माई म्हणाल्या.

"आणि १९४२ला आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने 'नोव्हा स्कोशिया' बुडवली. वर हजारावर माणसं, बरेचसे इटालियन कैदी. पोर्तुगाल युद्धात नव्हता, म्हणून हीच तिकडे धावली. दोनशेच्या आसपास जीव पाण्यातून वर काढले."

"हे घालायला सांग भाषणात. मास्तरांना नाही आवडलं तरी घाल म्हणावं."

मलाही तेच वाटतं. १९६१ला सालाझारने गोव्यातल्या सैन्याला मरेपर्यंत लढायला सांगितलं होतं, पण स्वतः लिस्बनला बसून. इथे बोटीवर कप्तान जखमी झाला, बोट बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याला लागली. नंतर 'बेतवा'चा कप्तान त्याला इस्पितळात भेटायला गेला. शत्रूच्या खाटेपाशी जाऊन काय बोलायचं, ते त्याला सुचलं असेल, मला नसतं सुचलं.

"बोटीचं काय झालं?"

"तिलाही इकडचं नाव दिलं, मुंबईला ओढत नेली नि १९६३ला भंगारात काढली."

"नवं नाव लागलं, पण नांदली नाही." माईंनी सूप झटकलं. मग डिचोलीतलं आपलं माहेरचं नाव सांगितलं, हळूच. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते कधी विचारलं नव्हतं.

"अळसांद्यात अजून खडे आहेत गो," त्या म्हणाल्या.