विरोधाची उमेदवारी

राधाकृष्ण विखे पाटील पक्ष बदलतात, असे म्हणणाऱ्यांनी त्यांची कारकीर्द नीट पाहिलेली नाही. १९९५ पासून २०२४ पर्यंत शिर्डीने त्यांना प्रत्येक निवडणुकीत विधानसभेत धाडले. चिन्ह कधी पंजा, कधी धनुष्यबाण, पुन्हा पंजा, मग कमळ. पक्ष आले नि गेले, साहेब जागचे हलले नाहीत. युतीच्या राज्यात ते मंत्री, आघाडीच्या राज्यात मंत्री, महायुतीतही मंत्री. अशा माणसाला अस्थिर कसे म्हणावे? वडील बाळासाहेबही काँग्रेसमधून शिवसेनेत गेले, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात बसले आणि काँग्रेसमध्ये परतले. घराण्याची शिस्त म्हणतात ती हीच.

या कारकिर्दीतला अभ्यासण्याजोगा भाग २०१९ चा. साडेचार वर्षे विरोधी पक्षनेते राहून फडणवीस सरकारला जाब विचारणाऱ्या विखेंनी १६ जूनला त्याच सरकारात शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी पावसाळी अधिवेशन सुरू झाले. विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचाच दर्जा असतो, त्यामुळे याला बढतीही म्हणता येत नाही. खाते मिळाले गृहनिर्माणाचे, आणि नुकतेच घर बदललेल्याला दुसरे कुठले शोभले असते? बरे, हा एकट्याचा पराक्रम नव्हे. त्यांच्याआधी त्याच पदावर असलेले एकनाथ शिंदे महिन्याभरातच मंत्री झाले होते. गोव्यात बाबू कवळेकर जुलै २०१९ मध्ये, तर आपल्याकडे अजित पवार २०२३ मध्ये विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्री झाले. इतक्या दाखल्यांनंतर हे पद म्हणजे मंत्रिपदाची उमेदवारी, हे मान्य करायला हवे.

यावर कोणी म्हणेल, मतदारांनीच पुन्हा निवडून दिले, मग तुमच्या पोटात का दुखते? मुद्दा खरा आहे. पण जिथे रस्ता, पाणी आणि कारखान्याची थकहमी आमदार कुठल्या बाकावर बसतो यावर ठरते, तिथे मतदार निष्ठेला मत देऊन स्वतःच्याच पाण्यावर बोळा का फिरवील? दुसरा आक्षेप पक्षांतरबंदी कायद्याचा. तो आमदारकी सोडून जाणाऱ्याला अडवत नाही, आणि विखेंनी राजीनामा दिला होता. आमदार नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहता येतेच. म्हणजे सगळे कायदेशीर.

२०२४ च्या विधानसभा निकालात एकाही विरोधी पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. लोकशाहीचे काय होणार, म्हणून अनेकांनी गळे काढले. पण मंत्रिमंडळात आधीच एवढी दाटी असताना आणखी एक उमेदवार तयार करण्याची घाई सरकारला का असावी?