विश्वास ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (पहूर बसस्टँड आवृत्ती)

पहूर हे जामनेर तालुक्यातलं वाघूरकाठचं गाव. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा माणूस इथं चहाला उतरतो आणि चहा संपेपर्यंत ‘हल्ली कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही’ या निष्कर्षाला पोचतो. गावात पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायती आहेत, त्यामुळे संशय घ्यायला परगावी जावं लागत नाही. ही सोय फार थोड्या गावांना लाभते. तिचा पुरेपूर फायदा घेता यावा म्हणून पुढील सूचना.

१. अविश्वासाची सुरुवात ओळखीच्या माणसापासून करावी.
टपरीवर पैसे पाठवून झाले की मोबाईल दाखवू नये; तो कुणी बघत नाही. खोटे स्क्रीनशॉट दाखवून पुड्या नेणारे भेटल्यापासून टपरीवाले शहाणे झाले आहेत. म्हणून आबांनी ‘अरे, तुझ्या बापाला मी कडेवर खेळवलंय’ असं सांगितलं, तरी तरुण टपरीवाला नम्रपणे म्हणतो, “हो आबा, पण डबा बोलू द्या.” मग आबा, टपरीवाला आणि मागची चार गिऱ्हाईकं पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणाऱ्या त्या डब्याकडे बघत उभी राहतात. रेंज आली, डबा बोलला, की आबा पुन्हा प्रामाणिक ठरतात. दहा रुपयांपुरते.

२. काटा तपासावा, माणूस तपासू नये.
कापूस विकताना गावातल्या व्यापाऱ्याचा काटा नीट बघावा. आधी स्वतः काट्यावर उभं राहावं, मग मुलाला उभं करावं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर गेल्यास ओलाव्यावरून हुज्जत घालावी: आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत कपात, त्यावर माल परत. लांब धाग्याचा २०२५-२६चा हमीभाव ८,११० रुपये आहे, तेव्हा एवढ्या चौकशीनंतर तोच घ्यावा असं कुणाला वाटेल. तसं करू नये. दारात ट्रक घेऊन आलेला अनोळखी गृहस्थ क्विंटलमागे दोनशे जास्त देतो म्हणाला, तर सगळा कापूस साध्या चिठ्ठीवर त्याच्या हवाली करावा. त्याचं नाव विचारणं असभ्यपणाचं दिसतं. पैसे पंधरा दिवसांनी मिळतात. कोणत्या महिन्याचे पंधरा दिवस, हे विचारणंही तितकंच असभ्य.

३. दामदुप्पट योजनेत शिरताना टाय बघावा.
सख्ख्या भावाने बी-बियाण्यासाठी पाच हजार मागितले तर स्टॅम्प पेपर आणावा. हॉटेलच्या हॉलमध्ये टाय लावून पडद्यावर बाण वर नेणाऱ्या माणसाला मात्र पन्नास हजार रोख द्यावेत. पावती मागू नये, ‘आपल्याच माणसाने’ तिथं नेलेलं असतं. पैसे बुडाल्यावर “मला तर आधीच वाटत होतं” हे वाक्य चौकात मोठ्याने म्हणावं. त्याने रक्कम परत येत नाही, पण अक्कल शाबूत असल्याची नोंद होते.

४. स्वतःची किंमत स्वतः ठरवू नये.
ते काम फ्लेक्सवाल्याचं आहे. स्टँडवरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो शुभेच्छुकांच्या कितव्या रांगेत आहे ते मोजावं. खालच्या रांगेत असल्यास तीन दिवस जेवण कमी करावं. लग्नपत्रिकेत नाव शोधताना मुहूर्त वाचण्यात वेळ घालवू नये. लग्नाला मुद्दाम उशिरा जावं आणि माईकवाल्याच्या नजरेच्या टप्प्यात रेंगाळावं. ‘आपल्यामध्ये अमुक भाऊंचं आगमन झालेलं आहे’ असं ऐकू आल्याशिवाय आपण आलो, असं समजू नये. टोपी-टॉवेल मिळाला नाही तर रुसावं. मिळाला तर शेजारच्याचा टॉवेल हाताने चाचपून बघावा.

५. सोयरीक जुळवताना घरच्यांना विचारू नये.
सोन्याचं बरं असतं. दागिन्यावर सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक असतो. जावयावर नसतो. म्हणून मुलाच्या गावी जाऊन चहावाल्याला गाठावं. “पोरगा कसा आहे हो?” या प्रश्नावर तो गाळणी हातातच धरून किती वेळ थांबतो, हे बघावं. लगेच “चांगला आहे” म्हणाला तर नातेवाईक असतो. थांबला तर उधारी असते. दोन्ही वेळा घरी येऊन “माहिती संमिश्र आहे” एवढंच सांगावं.

६. निळ्या खुणांवर लक्ष ठेवावं.
मेसेज वाचूनही उत्तर आलं नाही, तर समोरचा शेतात मोटर चालू करायला गेला असेल, ही शक्यता मनातून काढून टाकावी. त्याला आपण नको आहोत, हे एकमेव कारण धरावं. मग ‘वेळ आल्यावर माणसं कळतात’ असं स्टेटस ठेवावं आणि त्याने ते पाहिलं का, हे दर पाच मिनिटांनी तपासावं.

धोक्याचा इशारा
वरील पद्धत काटेकोर पाळूनही काही जुनी माणसं आडवी येतात. एखादी बाई पहाटे उठून कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधते आणि जळगावात शिकणाऱ्या पोरासाठी डबा एसटीच्या कंडक्टरकडे देते. पावती नाही, ओटीपी नाही. “दादा, स्टँडवर पोरगा उभा राहील,” एवढंच. डबा पोचतो. संध्याकाळी रिकामा परतही येतो. पाचोरा-जामनेर पी. जे. रेल्वेगाडी २०२० मध्ये बंद पडली, पण असले प्रकार अजून बंद झालेले नाहीत.

याहून गंभीर प्रसंग आपल्यावरच गुदरू शकतो. किराणावाला सुट्टे नाहीत म्हणून शंभराची नोट परत सरकवतो आणि वहीत काहीही न लिहिता म्हणतो, “राहू द्या भाऊ, येता-जाता द्या.” इथं अत्यंत सावध राहावं. फ्लेक्स उन्हात फाटतो, स्टेटस चोवीस तासांत जातं, पण न लिहिलेली उधारी फेडेपर्यंत डोक्यातून जात नाही. शिवाय ती फेडली की तो पुन्हा विश्वास ठेवतो, मग दुसरा ठेवतो, आणि पुढे जन्मभर त्या विश्वासाला जागत बसावं लागतं. ज्याला हा त्रास नको असेल, त्याने ताबडतोब शेजारच्या दुकानातून नोट मोडून आणावी. ज्याला चालत असेल, त्याने साखर घेऊन घरी जावं आणि ही पुस्तिका पुडी बांधायला त्याच दुकानात द्यावी.