पेशकारसाहेब आणि सप्तसमुद्र

लातूर-बार्शी रस्त्यावरील आमच्या मुरुडास समुद्र नाही. समुद्र लाभलेली मुरुडे कोकणात, एक जंजिऱ्याशेजारी आणि दुसरे दापोली तालुक्यात. आमच्या मुलखाची अवस्था तर अशी, की २०१६ साली मिरजेहून आगगाडीच्या टाक्यांतून पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली. तथापि जगातील यच्चयावत आरमारांची गुप्त खलबते ज्याच्या कानी पडलेली नाहीत असा मनुष्य स्टँडवरच्या हॉटेलात सापडणे दुरापास्त आहे, आणि याचे श्रेय सर्वस्वी पेशकारसाहेबांस जाते.

मराठवाड्यातील प्रत्येक बाजारगावी असा एक गृहस्थ नांदत असतोच: तहसील कचेरीत उभी हयात घालवलेला, निजामी अमदानीतले शब्द वडिलांच्या तोंडून उचललेला, आणि सेवानिवृत्तीनंतर मिसलींअभावी व्याकूळ झालेला. दोन पंचांच्या सहीवाचून ज्याने कुणाचा बांध वीतभर सरकू दिला नाही, तोच हा पुरुष आता अख्खा देवमासा एकाही पंचावाचून दाखल करून घेतो.

२०१९ साली नॉर्वेच्या किनाऱ्यास बेलुगा जातीचा एक पांढरा देवमासा आला, त्याच्या अंगावर पट्टा होता आणि त्यावर ‘सेंट पीटर्सबर्गचे साहित्य’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे होती, ही हकीकत खरीच आहे. ती साहेबांनी सांगितली त्या दिवशी चहावाल्या पोऱ्याने निरागसपणे विचारले, “साहेब, हेर हाय तर गावाचं नाव अंगावर घिऊन कशाला हिंडालाय?” साहेबांनी बशी खाली ठेवली. “हाच तर डाव आहे, बाळा.”

अमेरिकेचे आरमार सॅन डिएगो येथे डॉल्फिन आणि समुद्रसिंह खरोखर बाळगून आहे, २००३ साली इराकच्या उम्म कसर बंदरात डॉल्फिनांकडून पाण्यातील सुरुंग हुडकून घेतले गेले, सोव्हिएत आरमारानेही सेवास्तोपोलला असाच तांडा शिकवून तयार केला होता, असे मी एकदा भीत भीत सांगून पाहिले. परंतु शाबीत झालेल्या गोष्टीत त्यांना तिळमात्र रस नाही. “ही तर हमाली झाली,” ते म्हणाले. त्यांना हवे असतात २००५च्या कॅटरिना वादळात विषारी बाणांसह मोकाट सुटलेले डॉल्फिन, किंवा २०१३ साली वधूच्या शोधार्थ रजेचा अर्ज न देता युक्रेनच्या तळावरून पसार झालेले त्यांचे जातभाई. आणि ही दुसरी बातमी बनावट ठरली, हे कळल्यावर तर तिच्यावरचा त्यांचा विश्वास द्विगुणित झाला. २०१० साली इजिप्तमध्ये शार्कने माणसे फाडली तेव्हा, यामागे इस्रायलच्या हेरखात्याचा हात असणे अशक्य नाही, असे तेथील प्रांताचे गव्हर्नर म्हणून गेले. साक्षात सुभेदाराची जबानी! तो आठवडा साहेबांनी दिवाळीसारखा साजरा केला.

मग प्रकरण महाराष्ट्रातच उद्भवले. मे २०२३ मध्ये मुंबईस चेंबूरच्या पीरपाव धक्क्याजवळ पायात कड्या आणि पंखांवर चिनी भासणारी अक्षरे असलेले एक कबूतर हेरगिरीच्या संशयावरून ताब्यात घेतले गेले, परळच्या पशुरुग्णालयात ते आठ महिने अटकेत राहिले, ते तैवानचे शर्यतीचे पाखरू निघाले, आणि जानेवारी २०२४ अखेर त्याला सोडून देण्यात आले. साहेबांनी समग्र वृत्तान्त कान देऊन ऐकला, शर्यत मान्य केली, तैवानही मान्य केले. फक्त शेवटच्या कलमावर त्यांनी ठाम हरकत नोंदवली.

“आठ महिन्यांत मिसल बंद? सरकारी कचेरीत?” ते म्हणाले. “सोडलं ते कबूतर दुसरं असणार.”